माशांच्या मोठ्या अ‍ॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिकच्या) टँकमधला मूळचा ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे वरचं पाणी फिल्टरकडे नेणारा आतला कप्पा, काढून टाकता येईल का?

येईल, पण उपटून नाही. काचेच्या टँकमध्ये सिलिकॉन ब्लेडने कापलं की बॉक्स सुटतो, इथे तसं होत नाही. अ‍ॅक्रिलिकचे जोड सॉल्व्हेंटने विरघळवून एकजीव केलेले असतात. जोर लावलात तर बॉक्ससोबत मागच्या भिंतीचा टवकाही निघेल.

टँक रिकामा करून कोरडा करा. बॉक्सच्या भिंती बारीक दातांच्या करवतीने कापा आणि टँकच्या भिंतीलगत २-३ मिमी कड मुद्दाम सोडा. मी पहिल्यांदा अगदी सपाट कापायला गेलो आणि भिंतीवर कायमची खाच पाडून बसलो. उरलेली कड पॉलिश पेपरने हळूहळू उतरवा. तेवढा खटाटोप नको असेल तर कड तशीच ठेवा, शेवाळाखाली महिन्याभरात दिसेनाशी होते.

टँकच्या वरच्या कडेची आडवी पट्टी मात्र कापू नका. पाण्याच्या दाबाने भिंती फुगू नयेत म्हणून ती असते, शोभेसाठी नाही.

नवं भोक पाडायचं तर होल-सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) कमी वेगात, मागे लाकूड धरून आणि थांबत थांबत. घाई केली की भुसा वितळून चिकटतो आणि कडेला तडे जातात. जुनं भोक बुजवायला सिलिकॉन वापरू नका, अ‍ॅक्रिलिकला ते नीट धरत नाही. त्यात बल्कहेड (भोकात घट्ट बसणारा पाइपचा जोड) बसवून टोपी लावा, गॅस्केट (रबरी चकती) फ्लँजच्या, म्हणजे त्याच्या रुंद कडेच्या बाजूला. पुसायला स्पिरिट किंवा अमोनियावाला ग्लास क्लीनर अजिबात नको, बारीक भेगांचं जाळं पडतं.

मासे सोडण्याआधी आठवडाभर पाणी भरून ठेवा.