वाचक विचारतात : स्टॉकहोममध्ये दोघे, तीन रात्री

प्रश्न : सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही दोघे तीन रात्री स्टॉकहोमला जात आहोत. विमानतळावरून शहरात कसे यावे आणि दिवस कसे आखावेत?

आर्लांडा विमानतळावरून आर्लांडा एक्स्प्रेस ही जलद गाडी १८ ते २० मिनिटांत शहरात पोहोचवते, पण महाग आहे. लोकल गाडी स्वस्त वाटते, मात्र आर्लांडा स्थानकाचे वेगळे शुल्क भरावे लागते आणि नवखे प्रवासी नेमके तिथे फसतात. ते टाळायचे असेल तर ५८३ क्रमांकाच्या बसने मेर्स्टा स्थानक आणि तिथून लोकल. यात तासभर जातो, पण एसएल या शहर वाहतूक संस्थेचे साधे तिकीट चालते. ते ७५ मिनिटांचे असते, म्हणून गाडी बदलताना रेंगाळू नका. फाटकावर बँकेचे कार्ड टेकवूनही जाता येते, पण दोघांना दोन वेगळी कार्डे लागतात. गाडी बदलतानाही प्रत्येकाने आपलेच आधीचे कार्ड टेकवावे, नाहीतर दुसरे भाडे कापले जाते. तीन दिवस शहरात फिरायचे असल्यास ७२ तासांचे तिकीट काढून ही कटकटच संपवावी.

पहिल्या संध्याकाळी संग्रहालय नको. मारियातोरगेत स्थानकावरून चालत मोंतेलियुसवेगेनला जा. कड्याच्या कडेने जाणारी ही साधारण अर्ध्या किलोमीटरची पायवाट आहे, समोर पाणी आणि सिटी हॉल. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. अर्धा तास आधी पोहोचलात तर बाक मिळण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या दिवशी स्लुसेनहून ८२ क्रमांकाची फेरी पकडून यूरगोर्डेन बेटावर जा. तीही एसएलच्याच तिकिटावर चालते, त्यामुळे निव्वळ पाण्यावरून फिरायला महागडी पर्यटक बोट घ्यायची गरज नाही. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले वासा जहाज याच बेटावर आहे. ते ठेवलेल्या संग्रहालयाचे दार उघडतानाच आत शिरा, दुपारी गर्दी होते. लाकूड टिकावे म्हणून आत १८ ते २० अंशच तापमान ठेवतात, तेव्हा स्वेटर हवा. त्याच दिवसात स्कान्सेन कोंबू नका, त्या खुल्या संग्रहालयाला अर्धा दिवस सहज लागतो. आमचे मत विचाराल तर वासा पाहून बेटावर निवांत चाला.

तिसरा दिवस वॅक्सहोल्म या बेटावरच्या गावाला द्या. स्ट्रोमकायेन धक्क्यावरून बोटीने जा आणि ६७० क्रमांकाच्या बसने परत या. उन्हाळा सरला की बोटी कमी होतात, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्रीच बघा. गाम्ला स्तान हे जुने शहर सकाळी नऊच्या आत उरका, तेव्हा गल्ल्या रिकाम्या असतात. रस्ते दगडी आहेत, उंच टाचांना आणि बॅगेच्या चाकांना वैरी.

प्रश्न : 'डबल रूम' घेताना काय तपासावे?

दोन गोष्टी. एक, तिकडे डबल बेड म्हणजे बहुधा जोडून ठेवलेल्या दोन गाद्या आणि दोन स्वतंत्र रजया. ही तिथली रीतच आहे, हॉटेलची चूक नव्हे. सलग गादी हवी असेल तर आधी लिहून विचारा. दोन, स्वस्त खोल्यांपैकी काहींना खिडकीच नसते. जाहिरातीत ते लिहिलेले असते, पण फोटोवरून कळत नाही.

प्रश्न : शनिवारी संध्याकाळी वाइन घेऊन पाण्याकाठी बसायचा बेत आहे. दुकान किती वाजेपर्यंत उघडे असते?

संध्याकाळपर्यंत थांबलात तर बेत फसलाच. साडेतीन टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेले पेय सोबत न्यायला शहरात सिस्टेमबोलागेत या सरकारी दुकानांतच विकत मिळते. ती शनिवारी दुपारी तीनपर्यंत बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. खरेदीला वयाची २० वर्षे पूर्ण हवीत. हॉटेलात किंवा बारमध्ये बसून प्यायला १८ पुरतात. थंड केलेली बाटली मिळत नाही, तेव्हा खोलीत फ्रिज आहे का ते बघा. काही बागांमध्ये मद्यपानाला बंदी असते, बसण्याआधी तिथली पाटी वाचा.