ओकायामाचं मूळ बघायचं तर

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी रोज फिरते. नोव्हेंबरमध्ये लेकीकडे जपानला जातेय. ज्यावरून ते बेतलं, ते ओकायामाचं कोराकुएन बघायला तासभर पुरेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तासाभरात फक्त फोटो होतील! निदान अडीच तास ठेवा. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये काम सुरू करवलं, बाग पुरी झाली १७०० मध्ये. तेरा हेक्टरांवर आहे, त्यामुळे चपला सवयीच्याच घाला.

आधी युइशिन्झान टेकाडावर चढा. तळं, हिरवळ आणि मागे नदीपलीकडचा काळा किल्ला एका नजरेत येतो. किल्ला बागेबाहेरचा, पण देखाव्यात मुद्दाम ओढून घेतलेला. मग र्‍युतेनला जा. खाली भिंती नसलेलं हे लाकडी घर, आणि मधोमध चक्क ओहोळ वाहतो, त्यात सहा रंगीत दगड. मी तिथे बसले ती उठेचना. सोबतचे दोनदा बोलवायला आले. चहाचा मळा, भातखाचरंही आहेत. सरदाराच्या बागेत भात! मला तर कोकणातलं माहेर आठवलं.

क्रौंचांचे पिंजरे मात्र मला रुचले नाहीत.