भिंतीवरचे नाव

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. बारावीनंतर फार्मसीला जावे असे तुझ्या मनात आहे आणि औषधे गरजू माणसापर्यंत पोहोचावीत हे त्याचे कारण आहे, असे तू लिहिले आहेस. मेडिकलला प्रवेश मिळाला नाही की लोक फार्मसीकडे वळतात, हे तुझ्या बाबांचे म्हणणे खोटे नाही. माझ्या वर्गातले निम्मे तसेच आले होते आणि त्यांत मीही होतो. म्हणून कोण कोणत्या वाटेने या व्यवसायात आले याला मी फारसे महत्त्व देत नाही. आल्यावर ते कुठे बसतात, याला देतो.

औषध पोहोचत नाही ते नेमके कुठे अडते, हे आधी पाहा. वडोदऱ्यात राहून हा प्रश्न चटकन लक्षात येत नाही. 1907 साली स्थापन झालेली ॲलेम्बिक ही औषध कंपनी या शहराची ओळख आहे. अत्यावश्यक औषधे चांगल्या दर्जाची पण कमी किमतीत तयार करून सेवाभावी दवाखान्यांना पुरवणारी लोकॉस्ट ही संस्था 1983 पासून इथलीच आहे. रावपुऱ्यातून मांडवीकडे चालत गेलीस तर वाटेत औषधांची दुकाने मोजता मोजता थकशील. पण 2013 साली आपल्या जिल्ह्यातून वेगळा झालेला छोटा उदेपूर काही फार दूर नाही. कवांट किंवा नसवाडीकडच्या एखाद्या फळियातल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कॅप्सूल रोज, खंड न पडता घ्यायची असते आणि मधूनमधून रक्त तपासून घ्यायचे असते. त्यासाठी बसने बोडेली किंवा वडोदरा गाठायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. औषध कारखान्यात तयार असते, घाऊक विक्रेत्याकडेही असते, आणि तरीही त्या माणसाच्या दृष्टीने ते नसतेच.

किमतीचे गणित तू पहिल्या वर्षीच समजून घे, कारण ते शिकवताना बहुधा नुसती कलमे पाठ करून घेतात. अत्यावश्यक औषधांच्या 2022 च्या राष्ट्रीय यादीत 384 औषधे आहेत. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा औषधांची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचा नफा म्हणून 16 टक्के धरतात. म्हणजे दहा रुपयांना घेतलेल्या स्ट्रिपमागे एक रुपया साठ पैसे आणि शंभरांना घेतलेल्या स्ट्रिपमागे सोळा रुपये. दुकानाचे भाडे, फ्रिजचे वीजबिल आणि नोकराचा पगार द्यायचा असलेला दुकानदार यांतली कोणती स्ट्रिप हाताशी ठेवील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. ब्रँडविना स्वस्त औषधे विकणाऱ्या जन औषधी केंद्रांची योजना 2008 साली सुरू झाली आणि तिचा उपयोग मी स्वतः पाहिला आहे. पण डॉक्टरांनी ब्रँडचे नाव लिहिले असेल तर त्यांच्या संमतीशिवाय दुसरे औषध देण्याची मुभा फार्मासिस्टला नाही. त्याला एवढे मात्र करता येते, की चिठ्ठीवरच्या औषधातला मूळ घटक कोणता ते रुग्णाला समजावून सांगायचे आणि पुढच्या भेटीत तेच नाव लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करायला सुचवायचे. असे सांगणारा दुकानदार आपलाच गल्ला हलका करतो, म्हणून असे दुकानदार थोडे.

आता माझ्या एका चुकीविषयी लिहितो. दुकान नवे असताना मे महिन्यात एका बाईंना मी इन्सुलिनच्या दोन बाटल्या दिल्या, पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. महिन्याने त्या परत आल्या, साखर जराही उतरलेली नव्हती. चौकशी केली तेव्हा कळले, की घरात फ्रिज नव्हता आणि बाटल्या पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर ठेवलेल्या होत्या. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, काउंटरवर मात्र "घरी फ्रिज आहे का?" एवढे चार शब्द विचारले नाहीत. पुढे मी एका वेळी एकच बाटली देऊ लागलो आणि ती ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा बेताने कशी ठेवायची ते दाखवू लागलो. औषध अस्सल होते, किंमत परवडणारी होती, दुकान घराजवळ होते. बाईंना औषध मिळाले नाही ते माझ्यामुळे.

याच कारणाने एक गोष्ट तुला स्पष्ट लिहितो, आणि ती घरातल्या मोठ्या माणसांना आवडणार नाही. फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झाली की काही महिन्यांतच कुणीतरी तुला सांगेल, की दुकानात यायची गरज नाही, फक्त सर्टिफिकेट भिंतीवर लावू द्या, दरमहा ठरलेली रक्कम घरपोच मिळेल. 1948 च्या फार्मसी कायद्यातल्या 42 व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायची असतात, आणि तरीही सर्टिफिकेट भाड्याने देण्याची ही रीत इतकी रुळली आहे, की लग्नाच्या बोलण्यांतही तिची मिळकत धरतात. भिंतीवर तुझे नाव आणि काउंटरमागे दहावी नापास मुलगा, असे झाले की त्या बाईंना फ्रिजचे विचारणारे कुणीच उरत नाही. जे दुकान तू उघडणार नाहीस त्याचा दोष तुझा नाही. पण जिथे तुझे नाव असेल आणि तू नसशील, तिथल्या प्रत्येक चुकीत तुझा वाटा असेल.

अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात. डिप्लोमा दोन वर्षांचा असून त्यानंतर 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते, पदवी चार वर्षांची, फार्म.डी. म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी सहा वर्षांची, त्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचे. आपल्या सयाजीराव विद्यापीठात फार्मसीची स्वतंत्र विद्याशाखा आहे. तुला कारखान्यात किंवा संशोधनात जायचे नसेल, तर डिप्लोमाला कमी लेखू नकोस. डिप्लोमाचे 500 तास खरोखर दुकानात उभे राहून काढ, शिक्का मारून आणू नकोस.

शेड्यूल एच-१ चे, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांच्या यादीचे, रजिस्टर तेव्हाच भरायला शीक. त्यात डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहून ते तीन वर्षे जपावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी ते महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने भरले जाते. क्षयाची औषधे या रजिस्टरात येतात. दोन महिन्यांत खोकला थांबलेला रुग्ण सहा महिन्यांचा उपचार अर्धवट सोडतो, हे डॉक्टरांच्या आधी रजिस्टर लिहिणाऱ्याच्या लक्षात येऊ शकते, कारण ठरलेल्या तारखेला तो आलेला नसतो. 2018 च्या अधिसूचनेने अशा रुग्णांची माहिती कळवण्याची जबाबदारी औषध विक्रेत्यांवरही टाकली आहे, पण मी म्हणतो ते अधिसूचनेच्या आधीपासूनचे आहे: फोन करून "काका, औषध संपले असेल ना?" असे विचारायचे.

गुजराती तुला येतेच. छोटा उदेपूरकडची राठवी बोली थोडी शिकून घे. "जेवणानंतर" आणि "उपाशीपोटी" हे दोन शब्द जरी रुग्णाच्या बोलीत सांगता आले, तरी तो मान डोलवायचे सोडून प्रश्न विचारू लागतो.

परीक्षा संपली की आठ दिवस माझ्या दुकानात ये. औषधांना हात लावता येणार नाही, तो माझ्या परवान्याचा प्रश्न आहे. स्टुलावर बसायचे आणि औषध घेऊन गेलेल्या प्रत्येक माणसाने जाताना काय विचारले, आणि काय विचारायचे राहून गेले, ते वहीत लिहायचे. सकाळी दहाला ये, कारण सयाजी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातली माणसे चिठ्ठ्या घेऊन साधारण अकरापासून येऊ लागतात. बाबांनाही आण, त्यांचे रक्तदाबाचे औषध या महिन्यात नेलेले नाही.

तुझा,
काका