वाचक विचारतात : फंक आत्ताच का भिडले?

प्रश्न : माझे वय ५८. कॉलेजात असताना मित्राच्या कॅसेटवर फंक हे अमेरिकी नृत्यसंगीत ऐकले, तेव्हा ते एकसुरी वाटले होते. गेल्या महिन्यात पुण्याला मुलाकडे गेलो असता एका बँडने ते समोर वाजवले आणि दोन तास माझा पाय थांबला नाही. असे का व्हावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपले पत्र वाचून मनापासून आनंद झाला. फंकमध्ये सुरावटीचा विस्तार थोडाच असतो. एकच लयबंध पुन्हा पुन्हा येतो आणि गिटार, ट्रम्पेट, सॅक्सोफोनदेखील तालवाद्यासारखे वाजतात. १९६०च्या दशकात अमेरिकी गायक जेम्स ब्राउन यांनी पहिल्या मात्रेवर सारा जोर आणला. तिलाच फंकवादक ‘द वन’ म्हणतात. मिरजेच्या मैफलीत समेवर एकदम हलणाऱ्या माना आपण पाहिल्या असतील, तर ही ओढ आपल्याला परकी नाही. शिवाय बासवादक लॅरी ग्रॅहम यांनी रूढ केलेल्या पद्धतीत बास गिटारची, म्हणजे खर्जाच्या गिटारची, तार अंगठ्याने ठोकतात, आणि तो आघात समोर बसल्यावर थेट छातीत जाणवतो. कॅसेट प्लेअरच्या लहानशा स्पीकरमधून हे खर्जाचे स्वर जवळजवळ नाहीसेच होतात. त्यामुळे तेव्हा आपण निम्मेच संगीत ऐकले होते, असे मला ठामपणे वाटते. पुढच्या वेळी ड्रमवादकाचा डावा हात दिसेल अशी जागा धरावी : मुख्य ठोक्यांच्या मध्ये तो स्नेअर या समोरच्या लहान ड्रमवर अगदी हलके, पुसट ठोके पेरत असतो, आणि आपला पाय बहुधा त्यांनीच हलता ठेवला.