आरोग्य प्रश्नोत्तरे : लाल आकडा, हिरवा आकडा आणि कमरेची टेप

प्रश्न : माझे वय ४६ असून इंदूरमध्ये राजवाड्याजवळ माझे कापडाचे दुकान आहे, दिवसभर गादीवर बसून असतो. कंबर १०२ सेंटिमीटर भरते, रक्तदाब १३६/८८ असतो. मे महिन्यात तपासण्यांचे एक ‘पॅकेज’ घेतले. त्यात उपाशीपोटीची साखर १०७, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबी) २१८, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३६ आणि युरिक ॲसिड ८.१ आले. शेवटच्या पानावर ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चा तक्ता होता. त्यात ‘एमडीए’ लाल अक्षरांत ‘जास्त’, तर ‘टोटल अँटिऑक्सिडंट’ हिरव्या अक्षरांत ‘उत्तम’ असे छापले आहे. दोन्ही एकाच वेळी कसे खरे असेल? औषधांच्या दुकानातून ई आणि सी जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणल्या आहेत. त्या सुरू करू का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण विचारलेली विसंगती बहुतेकांच्या नजरेतून सुटते, म्हणून आधी तिच्याकडेच वळतो. ‘टोटल अँटिऑक्सिडंट’ ही चाचणी रक्तद्रवातील सर्व प्रतिरोधक (म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या) द्रव्यांची एकत्रित क्षमता मोजते आणि त्या क्षमतेतला फार मोठा वाटा एकट्या युरिक ॲसिडचा असतो. आपले युरिक ॲसिड वाढलेले आहे. म्हणजे जी गोष्ट चयापचयाच्या बिघाडाची खूण आहे, तिच्यामुळेच तो आकडा ‘उत्तम’ दिसत असण्याची दाट शक्यता आहे. त्या हिरव्या अक्षरांवर समाधान मानू नये.

आता लाल अक्षरे. एमडीए म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड. पेशीपटलांमधील स्निग्धाम्लांवर अतिक्रियाशील रेणूंचा मारा झाला की ती मोडतात आणि जे तुकडे उरतात त्यांपैकी हा एक. तो मोजण्याची प्रचलित रीत अशी, की नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तो तापवतात आणि जो गुलाबी रंग येतो त्याची तीव्रता ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीवर पाहतात. मात्र इतर अल्डिहाइडे आणि काही शर्कराही हा रंग आणतात, आणि रक्तपेशी फुटल्या असतील किंवा नमुना बराच वेळ उबेत राहिला असेल, तर नळीतच एमडीए वाढते. मे महिन्यात घरून घेतलेली नळी मोटरसायकलवरच्या पिशवीतून शहरभर फिरून प्रयोगशाळेत कधी पोहोचली, हे अहवालावर छापलेले नसते. शिवाय कोणत्या आकड्यापुढे ‘जास्त’ म्हणावे, याची सर्वमान्य सीमा नाही. प्रत्येक प्रयोगशाळा आपापली ठरवते.

याचा अर्थ ऑक्सिडेटिव्ह ताण (अतिक्रियाशील रेणू आणि त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये यांच्यातला तोल ढळणे) हे थोतांड आहे, असा नव्हे. हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ साली ही संकल्पना मांडली, आणि लठ्ठपणाशी तिचा संबंध पुढे चांगलाच स्पष्ट झाला. २००३ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या हृदयविकारविषयक दीर्घ पाहणीत, जसजसा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) वाढतो तसतसे लघवीतील आयसोप्रोस्टेन (जो एमडीएपेक्षा पुष्कळ विश्वासार्ह निर्देशक मानला जातो) वाढलेले आढळले. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी दाखवले की फुगलेल्या चरबीच्या ऊतींत अतिक्रियाशील रेणू तयार करणारे विकर (एन्झाइम) वाढते, त्यांना निष्प्रभ करणारी विकरे घटतात आणि ॲडिपोनेक्टिन हे इन्शुलिनला मदत करणारे संप्रेरक कमी स्रवते. ही माहिती रोग कसा घडतो हे समजण्यासाठी मोलाची आहे. एका माणसाच्या एका अहवालावरून उपचार ठरवण्यासाठी ती अजून उपयोगी पडत नाही.

गोळ्या सुरू करू नयेत. हृदयविकाराचा धोका असलेल्यांना ई जीवनसत्त्व रोज ४०० युनिट देऊन पाहिले, तेव्हा हृदयविकार कमी झाले नाहीत. आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात हृदय निकामी होण्याचे प्रमाण उलट वाढलेले दिसले. २००९ सालच्या एका जर्मन प्रयोगात तर व्यायामाबरोबर या दोन्ही जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांना, व्यायामाने इन्शुलिनचा जो फायदा व्हायचा तोच झाला नाही, कारण व्यायामात निर्माण होणारा थोडासा ताण शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी करतो. जो पैसा गोळ्यांवर जातो तो चांगल्या बुटांवर गेलेला बरा, असे माझे मत आहे.

खरा निर्णय अहवालाच्या आधीच्या पानांवर आहे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा अधिक, एचडीएल ४० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक, या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या तरी ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. आपल्या पाचही जुळतात. तेव्हा फिजिशियनला भेटून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) आणि यकृताची तपासणी करून घ्या, रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजून घ्या आणि युरिक ॲसिडबद्दलही विचारा. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत (२००२) वजन सुमारे ७ टक्के घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे, या लक्ष्यांवर बेतलेल्या दिनक्रमाने मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले होते. सकाळचे पोहे सोडायला मी सांगत नाही. त्यांवरची मूठभर शेव, सोबतची जिलेबी आणि दुकान बंद केल्यावरची सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतली फेरी यांबद्दल मात्र सांगतो.

एमडीए पुन्हा तपासू नका. त्याऐवजी महिन्यातून एकदा घरीच कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप ठेवावी, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा, आणि त्या वेळी पोट आत ओढू नये.