घटस्फोट मी मागितला, मग दुःख कोणाचे?

प्रश्न : माझे वय ४३ असून मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. सोळा वर्षांच्या संसारानंतर गेल्या डिसेंबरात आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मारहाण, व्यसन असे काहीच नव्हते. एका घरात राहून आम्ही एकमेकांना परके झालो होतो, आणि ते आधी बोलून दाखवले ते मी. निकालाच्या दिवशी न्यायालयातून मी सरळ कामावर गेले. तेव्हा रडू आले नाही आणि नंतरही आले नाही. आई म्हणते, "झाले ते झाले, आता पुढचे बघ." धाकटी बहीण म्हणते, "ताई, तू आतल्या आत कुढते आहेस, एकदा मनसोक्त रडून घे." तिने तर इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराची चौकशीही करून ठेवली आहे. मेहुण्यांनी मात्र विचारले, "घटस्फोट तुम्हीच मागितला ना, मग दुःख कसले?" त्यावर मला उत्तर सुचले नाही. या मे महिन्यात मी सासूबाईंच्या प्रमाणाने पाच किलो कैरीचे लोणचे घातले. घरात खाणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी. बरणीला दादरा बांधला आणि मी तिच्याशेजारी दोन तास नुसती बसून राहिले. बहिणीने ते पाहून कपाळाला हात लावला. मी निगरगट्ट झाले आहे, की माझे काही बिनसले आहे?

उत्तर : आधी मेहुण्यांच्या प्रश्नाकडे वळू, कारण तुमच्या पत्रातला खरा काटा तोच आहे. राहते घर स्वतःहून विकणारा माणूसही किल्ल्या देण्यापूर्वी रिकाम्या खोल्यांतून एकदा फिरून येतो, आणि म्हणून व्यवहार चुकला असे कोणी म्हणत नाही. निर्णय तुमचा होता, एवढ्याने त्यात गमावलेले काही कमी होत नाही. उलट, जो आधी बोलतो त्याने ते बोलण्यापूर्वी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, एकट्याने सोसलेले असते. फक्त त्या काळात त्याच्या सोबतीला कोणी नसते, कारण वरवर पाहता संसार सुरळीत चाललेला असतो.

तुमचे डोळे कोरडे का राहिले, याचे एक उत्तर खुद्द कायद्याच्या वाटेतच आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आलेल्या कलम १३-ब प्रमाणे परस्पर संमतीचा अर्ज करण्यापूर्वी पतिपत्नी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात, आणि अर्जानंतर आणखी सहा महिने थांबावे लागते. हा दुसरा काळ योग्य परिस्थितीत माफ करण्याची मुभा न्यायालयांना आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. म्हणजे न्यायाधीशांची सही झाली त्या दिवशी तुमचे दुःख नवे नव्हते, ते चांगले जुने झाले होते. आप्तेष्टांचे घड्याळ निकालापासून सुरू झाले आणि तुमचे त्याच्या कितीतरी आधी. तुमच्यात आणि बहिणीत जे अंतर पडते आहे ते मला मुख्यतः या दोन घड्याळांचे वाटते.

दुःखाच्या पाच अवस्था असतात आणि त्या क्रमाने पार कराव्या लागतात, हे बहिणीने कुठेतरी ऐकले असेल. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारातील रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हते, मग घटस्फोटितांसाठी तर नव्हतेच. मला त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधील अभ्यासकांची १९९९ सालची मांडणी जवळची वाटते. जोडीदाराच्या मृत्यूनंतर माणूस कधी दुःखाकडे तर कधी रोजच्या व्यवहाराकडे असा झुलत राहतो, आणि हे झुलणेच निरोगी असते, असे त्यांनी दाखवले. निकालाच्या दिवशी पतसंस्थेत जाऊन बसणे हा त्या झोक्याचा एक शेवट आणि बरणीशेजारचे ते दोन तास हा दुसरा.

मृत्यू आणि घटस्फोट यांत मात्र एक मोठा फरक आहे. मृत्यूला सुतक आहे, दहावा आहे, तेरावा आहे. चूल बंद असते आणि शेजारून पिठले-भात येतो, किती दिवस रडायचे आणि कधी उठायचे हे कोणीतरी ठरवून दिलेले असते. घटस्फोटानंतर शेजारून काहीच येत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणेही, बहुधा, आले नसेल. 'काडीमोड' या आपल्या जुन्या शब्दात निदान एक कृती तरी शिल्लक आहे: अनेक जातींत पंचांसमोर खरोखरच काडी मोडून विवाह संपल्याचे जाहीर होत असे. त्या प्रथेचे गोडवे मला गायचे नाहीत, कारण त्या काडीवर बाईचा हक्क किती होता हे आपण जाणतो. पण चार माणसांदेखत काहीतरी मोडले जात होते, आणि आज हातात पडते ती निकालाची सही-शिक्क्याची नक्कल. ज्याला समाजाने विधी दिला नाही, तो माणूस आपला विधी आपणच शोधतो. तुम्ही तो स्वयंपाकघरात शोधला.

त्या लोणच्यात यजमान फारसे नसावेत, असे मला पत्र वाचताना वाटले. त्यात सासूबाई आहेत. तुम्ही घटस्फोट नवऱ्याशी घेतला, पण मोहरीची डाळ किती आणि मेथी किती हे हातात बसवणारी बाई, तिच्या घरातले सोळा उन्हाळे आणि त्या घरातली तुमची जागा हे सगळे त्याच कागदाने तुमच्यापासून तोडले, आणि त्याबद्दल सांत्वनाला कोणी येत नाही. मुलगी सुटीत आजीकडे जात असेल, तर तिच्याबरोबर लोणच्याची एक लहान बरणी पाठवावी असे वाटले तर पाठवा. तिकडून निरोप येईलच, असे मात्र धरून बसू नका. आपण हे लोणचे का घातले, हे मुलीला साध्या शब्दांत सांगायलाही हरकत नाही. आईला काहीच वाटत नाही, असे तिला वाटत राहण्यापेक्षा ते बरे.

शिबिराला स्वतःला जावेसे वाटेल तेव्हा जा, बहिणीच्या समाधानासाठी नको. तिला इतकेच सांगा की रडू आले तर तिलाच बोलावाल. झोप, जेवण किंवा काम आठवडेच्या आठवडे विस्कटले, मुलीकडे लक्ष देणे जमेनासे झाले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. तुमच्या पत्रात यातले काही मला दिसले नाही.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाचा घटस्फोट होऊन आठ महिने झाले. वहिनींनी तो मागितला होता. दादाने लग्नाचा फोटो अजून भिंतीवरून उतरवलेला नाही, आणि आईने स्थळे पाहायला सुरुवात केली आहे. फोटो आम्ही काढून ठेवावा का?

उत्तर : नाही. तो फोटो त्यांच्या घरातला आणि त्यांच्या आयुष्यातला आहे. कोणी परस्पर काढला, तर भिंतीवरचा चौकोनी डाग त्यांना फोटोहून जास्त बोचेल. पुरुषाला दुःख करायची दोनच रूपे आपण मान्य केलेली आहेत, दारू किंवा दुसरे लग्न, आणि तुमचे बंधू दोन्हीकडे गेलेले नाहीत याचे मला तरी कौतुक वाटते. आईंना स्थळे थांबवायला तुम्ही सांगा, कारण ते बंधूंना स्वतः सांगता येत नसावे. रविवारी त्यांच्याकडे जेवायला जा आणि वहिनींचा विषय निघाला तर त्यांना वाईट न म्हणता ऐकून घ्या; त्यांनी काही सांगितले नाही, तरी पुढच्या रविवारी पुन्हा जा.