क्लासची फी भरण्यापूर्वी

प्रश्न : पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. घरी तेलुगू बोलतो. मुलाचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. तो एकोणीस वर्षांचा असून मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात आहे. गुण चांगले असूनही कॅम्पसच्या दोन मुलाखतींत त्याची निवड झाली नाही. विचारल्याशिवाय तो बोलतच नाही. नकाराचे कारण मी स्वतः कॉलेजात जाऊन विचारले, तेव्हा 'कम्युनिकेशन कमी पडते' असे सांगण्यात आले. त्याला इंग्रजी संभाषणाचा कोणता क्लास लावावा? – एक पालक, सोलापूर

उत्तर : स.न.वि.वि.

आपल्या पत्रातील शेवटच्या प्रश्नापेक्षा त्याआधीचे एक वाक्य मला अधिक बोलके वाटले. मुलाखत मुलाने दिली, पण नकाराचे कारण विचारायला आपण गेलात. यात आपली काळजी दिसते, हे मान्य. तथापि प्रवेशाच्या रांगेपासून डॉक्टरांकडील तक्रारीपर्यंत ज्याच्या वतीने वडीलच बोलत आले असतील, त्याला अनोळखी माणसासमोर आपले म्हणणे मांडण्याची वेळच आली नसणार, अशी मला शंका आहे.

भाषेची उणीव त्याच्यात फारशी नसावी. आईशी तेलुगूत, शिक्षकांशी मराठीत आणि बाजारात हिंदीत बोलणारा सोलापूरचा मुलगा समोरचा माणूस पाहून भाषा बदलायला लहानपणीच शिकलेला असतो. याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तेथे काम करता करताच चिनी भाषा शिकले, कारण रुग्णांशी बोलल्यावाचून त्यांचे चालणारच नव्हते. आपल्या मुलाला अशी गरज पडू द्यावी, एवढेच माझे सांगणे आहे.

त्यासाठी कारखान्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. सूत मागवण्याचा फोन महिनाभर त्याने करावा : कोणत्या काउंटचे (म्हणजे किती जाड-बारीक), किती, काय भावाने आणि कोणत्या दिवशी पोहोचणार, हे विचारून घ्यावे आणि फोन ठेवण्यापूर्वी ठरलेले सर्व एकदा परत म्हणून दाखवावे. ऐकलेले परत म्हणण्याची ही सवय साधी दिसते, पण मुलाखतीत प्रश्न अर्धवट ऐकून भलतेच उत्तर देणारी मुले मी इतकी पाहिली आहेत, की मी तिला उच्चारांपेक्षा वरचे स्थान देतो. त्यानंतर एखाद्या गिऱ्हाइकाची रंग गेल्याची तक्रार त्याच्याकडे सोपवावी. समोरचा चिडलेला असताना मध्ये न तोडता ऐकणे, चूक आपली असल्यास ती मान्य करणे आणि जे जमणार नाही त्याचे आश्वासन न देणे, हे सर्वांत अवघड असते. तो अडखळेल, क्वचित ऑर्डरही चुकेल. तरी आपण त्याच्या हातून फोन घेऊ नये. (शेजारच्या खोलीत कान लावूनही बसू नये, मुलांना ते कळते.)

क्लासला माझा विरोध नाही, कारण तांत्रिक मुलाखत पुष्कळदा इंग्रजीत होते. मात्र पाठ केलेल्या आत्मपरिचयावर पैसे घालवण्यापेक्षा त्याने आपल्या प्रोजेक्टची माहिती आधी मराठीत दहा वाक्यांत लिहावी, मग ती साध्या इंग्रजीत आणावी आणि दुसऱ्या शाखेच्या मित्राला सांगावी. मित्राने मध्येच शंका काढली, तर तीच खरी तयारी होय. उत्तर येत नसल्यास 'मला हे माहीत नाही' असे सरळ सांगण्याचाही सराव करावा.

तो स्वभावाने मितभाषी असेल, तर तसाच राहू द्यावा. मात्र माणसांत जाण्याच्या कल्पनेनेच त्याला घाम फुटत असेल किंवा त्यापायी तो कॉलेज चुकवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास उशीर करू नये.

आता एक विनंती. दोन्ही मुलाखतींत नेमके काय विचारले गेले, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, आणि तो आपल्याकडून अपेक्षितही नाही. यापुढचे पत्र मुलाने लिहावे. कोणत्या प्रश्नाला तो थांबला आणि त्या वेळी मनात काय होते, हे त्याने कळवले, की पुढचे मी त्याच्याशीच बोलेन.